न गळणारा पार

आमच्या घरात नळ कधी गळला नाही. कुळगावात तेव्हा मोरीतला नळ टपटपणं, कौलातून एखादी धार उतरणं हे माणसं संसाराचा भाग म्हणून सोसत असत. आमच्याकडे मात्र जमिनीवर थेंब दिसला की अप्पा हातातला घास ताटात ठेवून पान्हा शोधायला उठत. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ते टाक्यांच्या खात्यात फिटर होते. त्या खात्यात गळती म्हणजे पाप, आणि पापाचा वास अप्पांना सगळ्यांच्या आधी येई. कुठलीही गोष्ट ते आधी हुंगत, मग बघत. आमटी हुंगत, पावसाळ्यात भिंत हुंगत, मी शाळेतून आले की दप्तर हुंगून डबा धुतला नाहीस म्हणून सांगत. आई म्हणायची, "ह्यांना तेवढं नाक दिलंय देवाने, आपल्याला नुसती भोकं."

दारात फणस होता. तो घराच्या आधीचा. अप्पांनी जागा घेतली ती त्याच्याकडे बघूनच, असं आई सांगे, आणि घरही त्याच्यापासून जरा अंग चोरूनच बांधलेलं होतं. फणस बरका, म्हणजे गरे मऊ, बुळबुळीत, रसाचे. कापा फणस मिरवायला बरा, पण बरका पोटात जातो. वैशाखात आई हाताला तेल चोळून दारातच फणस फोडायला बसे. रस गाळून, तांदळाच्या कण्या आणि गूळ घालून सांदणं उकडायची, आणि तो वास सगळ्या आळीला कळायचा. आठळ्या धुऊन, वाळवून, राखेत घोळून डब्यात पडत आणि पावसाळाभर सुकटीच्या कालवणात निघत. आताही बाजारात आठळ्या दिसल्या की मी घेते. घरात कोणी खात नाही. मी एकटीच खाते आणि मग पोट धरून बसते.

कंपनी बंद झाली तेव्हा मी नववीत होते. बंद झाली म्हणजे कोणी येऊन सांगितलं वगैरे नाही. पहिल्या पाळीची माणसं नेहमीसारखी रिक्षातून उतरली, तर गेटला कुलूप होतं आणि आतला कुत्रा बाहेर बसला होता. मग युनियन, मग कोर्ट, मग पुढची तारीख. ते सगळं मी इथे लिहीत नाही. ज्या घरांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही पाहिलं त्यांना सांगून कळत नाही. मला आठवतं ते एवढंच की अप्पांना ताटात जेवता येईना. इतकी वर्षं दुपारचं जेवण त्यांनी डब्यातून खाल्लं होतं. घरात ताट वाढून समोर ठेवलं की ते दोन घास खात आणि आजारी माणसासारखे भिंतीला टेकत. आईने आठवडाभर बघितलं. मग एका सकाळी तिने पूर्वीसारखा डबा भरला, पंच्यात बांधला आणि त्यांच्या हातात दिला. अप्पा डबा घेऊन बाहेर पडले, फणसाखाली जाऊन बसले, आणि कंपनीत भोंगा व्हायचा त्या वेळेला त्यांनी तो उघडला. डबा रिकामा परत आला. त्या दिवसापासून आमच्या घरात पुन्हा कंपनीच्या पाळ्या सुरू झाल्या. एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी. ठरवून कोणी केलं नाही, पण अंगात मुरलेलं जात नाही.

हळूहळू बाकीचेही येऊ लागले. कंपनीतले कुळगावात राहणारे बरेच होते. त्यातले शेलारकाका अप्पांचे जोडीदार, टाकीच्या आत उतरायचं काम दोघं मिळून करायचे. एक आत, एक तोंडाशी दोर धरून. असा दोर धरलेल्या माणसाशी जे नातं असतं त्याला मराठीत शब्द नाही. शेलारकाका आमच्याकडे दार न वाजवता येत. सुरुवातीला माणसं दगडांवर बसली, मग कोणी पोतं आणलं, आणि मग एक दिवस शेलारकाका म्हणाले, "पाटलाच्या वाड्यासमोर वडाला पार आहे. आपल्या फणसाने काय घोडं मारलंय?"

आई म्हणाली, "पार देवाच्या झाडाला असतो. फणसाला कोण पार बांधतं?"

"कंपनी देव होती तोवर आम्ही तिच्या पायाशी होतोच ना वहिनी. आता हा फणस."

पार बांधला गेला, आणि काय बांधला. ही माणसं आयुष्यभर टाक्यांभोवती भिंती बांधत आणि दुरुस्त करत आली होती. टाकी फुटली तरी माल बाहेर जाऊ नये म्हणून तिच्याभोवती जी बुटकी भिंत असते तिला ते डाइक म्हणत, आणि चांगला डाइक म्हणजे ज्यातून थेंब बाहेर येत नाही. त्यांना दुसरी भिंत माहीतच नव्हती. त्यांनी गोल चर खणला तो थेट खाली कातळ लागेपर्यंत, कारण भिंतीचा पाय कातळावर बसला की खालून गळत नाही. वाटेत मुळं आली ती कुऱ्हाडीने तोडली. भंगारात निघालेल्या ॲसिडच्या टाकीच्या तांबड्या विटा मिळवल्या, सांध्यात पाणीबंद पावडर घातलेला माल भरला, आतून-बाहेरून घोटून घेतलं. अप्पा ओल्या सिमेंटवर बोट फिरवत भिंतीभोवती वाकून चालत होते. कंपनी बंद झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काम होतं.

मग आत भरायला माती हवी. माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, चामटोलीला शेती करायचा. त्याने आपल्या भाताच्या खाचरातली काळी, चिकण माती ट्रॉली भरून आणली. "दाजी, ह्या मातीत एक पानी दिलं का आठ दिवस हलत नाय," तो अभिमानाने म्हणाला. बुंधा गुडघाभर त्या मातीत गेला. वर लाद्या बसवल्या, बुंध्याभोवती पाणी घालायला तेवढी वीतभर जागा ठेवली. आणि आई, जिला पार नको होता, ती रोज तांदूळ धुतल्याचं, भाज्या धुतल्याचं पाणी नेमाने त्या जागेत ओतू लागली. म्हणजे ज्याच्याकडे जे सगळ्यात चांगलं होतं ते त्याने त्या झाडाला दिलं. हे मला तेव्हा दिसलं नाही, कोणालाच दिसलं नाही. पहिल्या वर्षी तर फणस असा लागला की बुंध्यापासून फांदीपर्यंत नुसती पिल्लं लटकलेली. लोक बघायला आले. मामा म्हणाला, झाड खूश झालं.

आमचा संसार तेव्हा जीन्सवर चालला होता. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे येत आणि शिलाईचे लोंबते धागे कापून परत जात. ते धागे कापायचं काम आई करायची, शाळा सुटल्यावर मीही. टेम्पो घेऊन मोतीराम शेठ स्वतः येत. सिंधी माणूस, तोंडाने घाई आणि मनाने निवांत. "बहनजी, माल संध्याकाळपर्यंत पायजे, पार्टी सर पे बैठी है," असं म्हणत आणि मग पारावर बसून तासभर चहा पीत. आमची बोटं निळी, नखं निळी, पोळ्यांच्या कणकेला निळसर झाक. त्यात पारावर चहा. कोणी आलं की चहा, कोणी उठलं की चहा, कोर्टात तारीख पडली की चहा. मी दहावीचा अभ्यास चुलीवरच्या आधणाच्या आवाजात केला. मला त्या माणसांची दया यायची आणि तितकाच राग यायचा, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे फक्त दमायला व्हायचं. आई चिडत नसे. एकदा मीच चिडून म्हणाले, "ह्यांना घरं नाहीत का?" आई धागा कापत म्हणाली, "आहेत ना. म्हणूनच इथे येतात."

दुसऱ्या वर्षी फणसाची पानं लहान आली. शेंड्याकडून विरळ झाला, आणि पलीकडचं आकाश दिसायला लागलं जे पूर्वी दिसत नव्हतं. तिसऱ्या वर्षी पानं पिवळी, वरच्या काटक्या वाळलेल्या, आणि पिल्लं लिंबाएवढी झाली की काळी पडून पारावर टपाटप गळत. निदान करायला माणसांची कमी नव्हती. शेलारकाकांचं ठाम मत, एमआयडीसीची हवा. "आपली कंपनी होती तेव्हा फिल्टर तरी होते," ते म्हणत, जणू आमची कंपनी अत्तर बनवायची. मोतीराम शेठ म्हणाले, "इसको कीडा लगा है. मेरे पास पावडर है, मी आणून देतो," आणि त्यांनी खरंच आणून दिली. आईने मीठ-मोहरी उतरून टाकली. कोणी युरिया सांगितला, तोही घातला. आणि जो जे सांगेल त्यावर शेवटी बादलीभर पाणी ओतलं जाई. दुपारी पारावर चर्चा चाले ती कंपनीत एखादी लाइन चोकअप झाल्यावर चालायची तशी. हवा, कीड, खत, वय. एक एक तपासून बाद करायचं. आपण बसलो आहोत ती जागा तेवढी कोणी तपासली नाही.

अप्पा फारसे बोलत नसत. पण पहाटे उठले की आधी फणसाकडे बघत. मी बारावीला होते. मला बाहेर शिकायला जायचं होतं आणि त्यासाठी काय लागतं ते घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. एकदा रात्री अप्पा आईला म्हणताना ऐकलं, "हे झाड गेलं ना, तर मला सकाळी बाहेर पडायला कारण नाही गं." मी कूस बदलली.

दिवाळी झाल्यावर मामा आला. त्यांच्याकडे एक रीत होती. झाड धरेनासं झालं की त्याला धाक दाखवायचा. एकाने कोयता घेऊन झाडापुढे उभं राहायचं, तोडतो म्हणायचं, एक हलका घाव घालायचा. घरातल्या लेकीने पुढे होऊन त्याचा हात धरायचा आणि झाडाच्या वतीने जामीन राहायचं. अप्पांना असल्या गोष्टी आवडत नसत, पण हवा, कीड, खत सगळं करून झालं होतं. "करा," ते म्हणाले, आणि डबा घेऊन बाजूला उभे राहिले. पारावर त्या दिवशी दुसऱ्या पाळीची माणसं जमलेली. सगळे खाली उतरले. मामाने कोयता उचलला आणि झाडाला दरडावलं, "खातंस, पितंस, धरत नायस. तोडतू तुला."

मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. मी मामाचा हात धरला आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाले, "नको मामा. यंदा चुकला तो. पुढच्या वर्षी धरेल, मी जामीन आहे." पण हात धरेपर्यंत घाव पडला होता. नुसता टेकवायचा घाव, बुंध्यात, लाद्यांच्या थोडा वर. कोयता लागायला नको तितका आत गेला. साबणात जावा तसा. मामाने तो ओढून काढला तेव्हा त्याचा आविर्भाव गेला होता. तो वाकला, सालीची फट बोटाने रुंद केली आणि बघत राहिला.

"दाजी," तो हळू म्हणाला, "ह्याला चीक नाय."

फणसाला नखाने ओरखाडलं तरी पांढरा चीक येतो. सगळ्यांना माहीत असतं, ज्याने त्याने हाताला तेल लावलेलं असतं. त्या घावातून काहीच आलं नाही. मग थोडं तांबूस पाणी झिरपलं. मामाने उभं राहून खांद्याच्या उंचीला कोयत्याचं टोक टेकवलं. क्षणभर काही नाही, मग पांढरा थेंब आला, फुगला आणि खाली ओघळला. "वर जीव हाय," मामा म्हणाला. "खाली नाय."

अप्पांनी डबा खाली ठेवला. खालच्या घावात बोट घातलं, बाहेर काढलं आणि हुंगलं. नंतर पुन्हा हुंगलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. टाकीचं झाकण काढल्यावर आत काय आहे ते त्यांना वासावरून कळायचं, असं शेलारकाका नेहमी सांगत. अप्पा आत गेले आणि छिन्नी-हातोडा घेऊन आले. पाराच्या भिंतीच्या अगदी तळाशी, रस्त्याच्या बाजूला, मांडी घालून बसले आणि भोक पाडू लागले. त्यांचीच भिंत, लवकर दाद देईना. छिन्नी आरपार गेली तेव्हा आवाज बदलला. त्यांनी ती काढली. आधी एक थेंब आला, मग करंगळीएवढी धार. काळं पाणी, आणि त्याचा वास असा की मोतीराम शेठ नेमके टेम्पोतून उतरत होते ते नाकाला रुमाल लावून परत चढले. पाऊस जाऊन किती दिवस झाले होते. त्या भिंतीने पावसाचं पाणी धरलं होतं, आईचं तांदळाचं धरलं होतं, प्रत्येक निदानानंतरची बादली धरली होती, आणि मामाच्या खाचरातल्या मातीने ते हलू दिलं नव्हतं. फणस तीन पावसाळे पाण्यात उभा होता. धार दिवेलागणीपर्यंत वाहत होती. अप्पा तिथेच बसून होते. मी चहा नेला तर कप घेतला नाही. "काम चोख झालं होतं गं," एवढंच म्हणाले. "थेंब बाहेर आला नाही."

नंतर आयुष्यात पुष्कळ हुशार माणसांना चुकताना पाहिलं, पण स्वतःची चूक अशी बोटाने हुंगून ओळखणारा माणूस पुन्हा भेटला नाही.

भोक पाडून भागणार नव्हतं. मामाने स्पष्ट सांगितलं, माती काढायला हवी, बुंधा मुळापर्यंत उघडा पडायला हवा, वारा लागायला हवा. माती काढायची तर भिंत काढायची. मग शेलारकाका बोलले. ते अप्पांशी बोलत होते पण बघत होते लाद्यांकडे. "हे बघ, झाड जुनं झालंय. आज ना उद्या जाणारच. भोक पाडलंस, बस झालं. जगलं तर जगलं. नाही तर वर पत्रे टाकू. पार तर राहील."

"झाड नसेल तर पार कशाचा?"

"आपला," शेलारकाका म्हणाले. "आपला रे. अजून काय आहे आपल्याकडे?"

तिथे बसलेल्या एकेका माणसाला दुपारी जायला दुसरी जागा नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. अप्पा पुढचे काही दिवस पारावर गेले नाहीत. डबा घेऊन ओटीवर बसत आणि तिथून फणसाकडे बघत, आणि फणसाखाली बसलेल्या माणसांकडे बघत. डबा अर्धा परत येई. आईने एकदा विचारलं, "काय करायचं ठरवलंत?" ते म्हणाले, "दोर कोणाचा सोडू ते कळत नाही." मला तेव्हा आतून वाटत होतं की फुटू दे तो पार, सुटेल आपला चहा. पण अप्पांचा चेहरा बघून ते वाटणं टिकत नव्हतं.

एका सोमवारी, पहिल्या पाळीच्या वेळेला, ते घण घेऊन बाहेर पडले. कोणाला काही विचारलं नाही. पहिला घाव भिंतीवरून उडून परत आला. आजूबाजूची माणसं आली, बघत उभी राहिली, आणि मग एकाने सदरा काढून झाडाच्या खिळ्याला अडकवला आणि पहार घेतली. ज्यांनी बांधला होता त्यांनीच फोडला, सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच जणांनी. शेलारकाका नेहमीप्रमाणे आले, डबा घेऊन पारावर बसले आणि उठलेच नाहीत. ज्या बाजूला घण पडे त्याच्या उलट बाजूला ते सरकत. त्यांना कोणी ऊठ म्हटलं नाही. संध्याकाळी एका माणसापुरता तुकडा उरला होता आणि त्यावर ते बसलेले होते. अप्पा घाम पुसत समोर उभे राहिले. मग शेलारकाका उतरले, डबा काखेत मारला आणि म्हणाले, "फोड." आणि घरी गेले.

त्यानंतरचं काम किचकट आणि कंटाळवाणं होतं, आजारी माणसाची शुश्रूषा असते तसं. मामा आणि अप्पांनी माती हातांनी काढली, कारण फावडं मुळांना लागतं. खाली बुंध्याची साल काळी, लिबलिबीत, बोटाने सुटत होती. एका बाजूला ती जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत मेली होती. मामा वाकड्या सुरीने कुजकं तासत जाई, आणि कडेला पांढरा चीक दिसला की थांबे. त्या चिकाच्या रेषेपर्यंत झाड आपलं, पलीकडचं गेलं. मग मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून एकत्र कालवला आणि त्या निळ्या लेपाने जखमा माखल्या. अप्पांची बोटंही आमच्यासारखी निळी झाली. आई बघून हसली, बऱ्याच दिवसांनी. वाळलेल्या फांद्या करवतीने उतरवल्या. मुळांवर फणसाचाच पाचोळा पसरला. खत नाही, पाणी नाही. आईला तांदळाचं पाणी गटारात ओतणं फार जड गेलं. आणि मग वाट बघायची. झाडाला वाट बघण्याचा कंटाळा येत नाही, माणसाला येतो.

फणसाची एक बाजू वाळून गेली, ती कापावी लागली. दुसरी जगली. पुढच्या वर्षी धरला नाही, म्हणजे माझी जामिनकी बुडाली. मामा भेटला की चिडवायचा. त्याच्या पुढच्या वर्षी अगदी खाली, जमिनीजवळ, एक फणस लागला, वाकडा, एका बाजूने खोलगट. अप्पांनी तो शेलारकाकांकडे पाठवला. शेलारकाकांनी आठळ्या धुऊन परत पाठवल्या, स्वतः आले नाहीत.

कोणीच येईनासं झालं. भांडण नव्हतं. अप्पांनी झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बघितल्या. पण पारावर माणूस आपला आपण येऊन बसतो, खुर्चीवर कोणीतरी बस म्हणावं लागतं. हा फरक मला तेव्हा नव्याने कळला. शेलारकाका उल्हासनगरला एका बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागले. बाकीचे जिथे जमेल तिथे पांगले. अप्पा लोकांच्या मोटारी आणि पंप दुरुस्त करू लागले आणि दुपारी ताटात जेवायला शिकले. चहाचं आधण कमी झालं. मला वाटलं होतं बरं वाटेल. घर इतकं शांत झालं की धागा कापल्याचा आवाज यायचा. मी शिकले, लग्न झालं, ते सगळं झालं. आता आमच्या सोसायटीत झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतात आणि मी सेक्रेटरीशी भांडते. ते माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

अप्पांना मात्र एक सवय लागली. पावसाळ्यात सर आली की ते छत्री घेऊन फणसाशी जाऊन उभे राहत, आणि बुंध्याशी साचलेलं पाणी जमिनीत जिरेपर्यंत हलत नसत. उठवेनासं झालं तेव्हा ते अंथरुणातून विचारू लागले, "पाणी गेलं का?" आई जाऊन बघून यायची, "गेलं हो." मी माहेरी असले की मी जायची. न बघता सांगितलेलं त्यांना कळायचं, पाय भिजले नसले की ते पायांकडे बघत.

त्या शेवटच्या पावसात मी तिथेच होते. दुपारी जोराची सर झाली. अप्पांनी डोळे न उघडता विचारलं. मी बाहेर गेले तर पाणी अजून होतं, पाचोळा त्यावर तरंगत होता. मी छत्री धरून उभी राहिले. जरा वेळ लागला, पण गेलं. आत आले तर त्यांना झोप लागली होती. उठले की सांगू म्हणून मी ओले पाय पुसले नाहीत, तशीच उशाशी बसले. ते उठले नाहीत.

संध्याकाळी माणसं आली. कित्येक वर्षांत न दिसलेली, केस पांढरे झालेली, कोणी काठी घेतलेली. शेलारकाका वॉचमनच्या निळ्या शर्टावरच आले. घरात बायका होत्या, पुरुषांना बसायला जागा नव्हती, म्हणून ते सगळे फणसाखाली गेले आणि पूर्वी पार होता तेवढ्याच गोलात उभे राहिले. मी चहा घेऊन गेले. शेलारकाकांनी कप घेतला नाही. ते वाकून बुंध्याकडे बघत होते.

"पाणी राहत नाही ना इथे आता?" त्यांनी विचारलं.

"नाही काका," मी म्हणाले. "मघाशीच बघून आलेय."